थंड पाण्यातली कालवशेती: बीज, पिशव्या, हिवाळा आणि काढणी

खाजण

थंड समुद्रात कालवं पाळणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या कामाचे तपशील एका जागी असावेत म्हणून हा धागा. ‘लहान’ म्हणजे एक होडी, दोन माणसं आणि पन्नास हजार ते दोन लाख कालवं असं धरलं आहे. महिने उत्तर गोलार्धातले समजा.

आधी पाणी. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचं कालव, क्रॅसोस्ट्रिया व्हर्जिनिका, पाणी १० अंशांच्या खाली उतरलं की खाणं कमी करतं आणि ५ अंशांच्या आसपास जवळजवळ थांबवतं. मग शिंपा मिटून पडून राहतं. पॅसिफिक कालव, म्हणजे मॅगॅलाना गायगस (जुन्या पुस्तकांत क्रॅसोस्ट्रिया गायगस), त्याहून थोड्या गार पाण्यातही खातं आणि एकूण झपाट्याने वाढतं. युरोपचं चपटं कालव, ऑस्ट्रिया एड्युलिस, चवीला निराळं आणि तुरट-धातूसारखं असतं, पण १९७९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागात सापडलेल्या बोनामिया या परजीवीने त्याची शेती फार आक्रसली. परक्या जातीचं बीज, म्हणजे पाळायला घेतलेली बारीक कालवं, आणायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, त्यामुळे जात निवडण्याचा प्रश्न बहुधा जागाच सोडवते.

व्हर्जिनिका उबदार दक्षिणेकडे दीड वर्षात ७५ मिमी होतं. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेन राज्यातल्या डॅमरिस्कॉटासारख्या थंड खाडीत त्यालाच दोन ते तीन वर्षं, कधी चार लागतात. वाढीचा हंगाम मेअखेर ते ऑक्टोबर. कालवं जाळीच्या पिशव्यांत वाढतात. जूनमध्ये पिशवी वेळेवर विरळ केली नाही, म्हणजे आतला माल जास्त पिशव्यांत वाटला नाही, तर उबदार पाण्यात ती कसर भरून निघते, थंड पाण्यात तो उन्हाळाच हातचा जातो. बीज लहान राहतं, लहान बीज हिवाळ्यात जास्त मरतं आणि वाचलेल्याची काढणी एक वर्ष पुढे सरकते. म्हणून इथली सगळी शेती वेळेवर हात लावण्याची आहे.

४५ × ९० सेंमीच्या प्लास्टिक जाळीच्या पिशवीत किती ठेवावीत याचा अंदाज:

२ ते ४ मिमीचं बीज बारीक जाळीच्या पिशवीत ५ ते १० हजार. ६ ते १२ मिमीचं, ४ मिमी आसाच्या (आस म्हणजे जाळीचं भोक) पिशवीत दोन-तीन हजार. २५ मिमीचं, ९ मिमी आसाच्या पिशवीत ५०० ते ८००. ५० मिमीच्या पुढे, १२ ते १८ मिमी आसात २०० ते २५०. शेवटच्या हंगामात १५० ते २००.

आकडे पाठ करण्यापेक्षा एक खूण लक्षात ठेवा. पिशवी आडवी धरून हलवली की माल तिच्या पाव भागापेक्षा जास्त दिसता कामा नये. एक तृतीयांश भरली असेल तर आजच विरळ करा, पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

शार्दूल

खाजणदादा, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. २ मिमीचं बीज मोजायचं कसं? आणि हॅचरी, म्हणजे बीज तयार करणारं केंद्र, २ मिमीचं व ६ मिमीचं असं दोन्ही देत असेल, तर महाग ६ मिमी घ्यावं का?

रेवती

मोजणी घनफळाने करतात, शार्दूल. बीज चाळणीत पाच मिनिटं निथळू द्या. ओलं राहिलं तर पाण्यामुळे घनफळ फुगतं आणि मोजणी चुकते. मग मापाच्या नळीत सगळ्या बीजाचं घनफळ घ्या. त्यातून वेगवेगळ्या जागचे ५ मिलीचे तीन नमुने काढा आणि पांढऱ्या ताटलीत पसरून एकेक मोजा. तिन्हींची सरासरी समजा ४०० आली, तर मिलीला ८० झाले, म्हणजे १० हजारांसाठी १२५ मिली. नमुन्यांत पाचवा हिस्सा किंवा जास्त फरक दिसला तर बीज सारख्या आकाराचं नाही, आधी चाळून घ्या. मेलेलं बीजही याच वेळी कळतं. पाण्यात ढवळलं की रिकामे शिंपे हळू खाली बसतात आणि जिवंत बीज झटकन तळाला जातं.

‘२ मिमी’ हा आकडा चाळणीचा असतो, कालवाच्या लांबीचा नसतो, हे पक्कं करून घ्या. २ मिमी चाळणीवर राहिलेलं बीज लांबीला त्याहून मोठं असतं. पिशवीची आस बीजाच्या आकाराच्या दोन तृतीयांशापेक्षा मोठी नको. बीज चपटं असतं, आडवं अडलं तरी उभं निसटतं. २ मिमीला १ मिमीची जाळी.

२ की ६, हे तुमच्याकडे अपवेलर आहे का यावर ठरतं. अपवेलर म्हणजे तळाला जाळी असलेली पिंपं, ज्यांत पाणी खालून वर वाहतं आणि बीजाला सतत ताजं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, त्याचं खाणं) मिळतं. तो असेल तर २ मिमी घ्या आणि १२ ते १५ मिमी होईपर्यंत त्यातच वाढवा. नसेल तर १ मिमीच्या पिशवीला उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत गाळ आणि शेवाळ बसतं, आतलं पाणी थांबतं आणि बीज उपाशी राहतं. बाहेरून पिशवी ठीक दिसते, हाच यातला फसवा भाग. हाताला गुळगुळीत लागली की जाळी बंद झालीच समजा. तेव्हा अपवेलर नाही आणि आठवड्यातून दोनदा पिशव्या झाडायला माणूसही नाही, अशा वेळी ६ मिमीचं बीज शेवटी स्वस्त पडतं.

अपवेलरमध्ये रोज किंवा एक दिवसाआड पिंप उचलून बीजावर पाण्याचा हलका फवारा मारा आणि हाताने सैल करा. बीजाच्या थरात भोकं दिसली तर पाणी तेवढ्याच जागेतून वर जातंय आणि बाकीचं बीज स्वतःच्या विष्ठेत बसलंय. थर पातळ करा, पंप वाढवू नका. दर आठ-दहा दिवसांनी चाळा, मोठं वेगळं आणि लहान वेगळं. एकत्र ठेवलं तर मोठं बीज लहानाचं खाणं घेतं आणि ती दरी वाढतच जाते. दोन-तीन चाळण्यांनंतरही मागेच राहणारं बीज टाकून द्या. जीवावर येतं, पण तीन वर्षं सांभाळूनही ते नीट भरत नाही.

उधाण

पिशव्या पाण्यात कशा ठेवाव्यात यावर लिहितो. लहान शेतीला तीन पद्धती परवडतात.

तरंगती पिशवी: दोन्ही बाजूंना बोये आणि मधून दोरावर हुकाने अडकवलेली. वरच्या थरातलं पाणी सर्वांत ऊबदार आणि प्लवकाने भरलेलं, म्हणून थंड जागी वाढ इथेच सर्वांत चांगली. लाटांनी माल सतत हलत राहतो, त्यामुळे नव्या शिंपेची पातळ कड मोडते आणि कालव लांब वाढायच्या ऐवजी खोल होतं.

तळाचा पिंजरा: पायांवर उभा, एकात चार ते सहा पिशव्या. वादळ आणि बर्फापासून सुरक्षित, पण पाणी गार, वाढ हळू आणि माल हलत नसल्याने कालवं लांबट, पातळ कडेची होतात. पाय निदान १५-२० सेंमी हवेत, नाहीतर खालची रांग चिखलात जाते.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले लोखंडी मंच: ब्रिटनी-नॉर्मंडीची पद्धत. उधाणाच्या ओहोटीला माल उघडा पडतो, भांगाच्या दिवसांत पाण्याखाली राहतो. असं वरचेवर मिटून राहायची सवय लागल्याने शिंपा बंद करणारा स्नायू बळकट होतो आणि काढल्यावर माल जास्त टिकतो. मात्र जिथे खाडी गोठते तिथे ही पद्धत नको. बर्फ मंचाला धरून गोठतो आणि भरतीबरोबर मंच उचलून नेतो.

तरंगत्या दोराला चिखलात मळसूत्री नांगर सर्वांत भरवशाचा. नांगरापासून बोयापर्यंतचा दोर भरतीच्या खोलीच्या किमान तिप्पट घ्या. दोर तुटतो तो बहुधा मधे तुटत नाही, कडीपाशी घासून तुटतो. तिथे जाड नळी चढवा, धातूची डोळी घाला आणि दर महिन्याला बोटांनी चाचपा. एक कळकळीने सांगतो, जाळ्यांना तांबंयुक्त रंग लावू नका. शेवाळ कमी बसतं हे खरं, पण कालव तांबं अंगात साठवतं आणि गर हिरवट पडतो.

आता टंबलर, म्हणजे भोकं असलेलं फिरतं पिंप. पाण्याचा फवारा मारत कालवं त्यातून सोडली की कड मोडते, शेवाळ निघतं आणि भोकांच्या आकारानुसार माल वेगळा होतो. जून ते सप्टेंबर दर तीन-चार आठवड्यांनी करा. फेरा सावकाश हवा. कालवं पिंपात घरंगळली पाहिजेत, उडून आपटता कामा नयेत. बिजागरीकडचे टवके उडू लागले तर वेग जास्त आहे. टंबल केलेला माल त्याच दिवशी पाण्यात गेला पाहिजे. कड मोडलेलं कालव नीट मिटत नाही, उन्हात लगेच सुकतं.

खाजण

उधाणशी एका बाबतीत मतभेद. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एक हलका फेरा द्यायला हरकत नाही. आकारानुसार वेगळं करूनच हिवाळ्यात जावं, वसंतात ते काम डोक्यावर नको.

उधाण

चाळणी करा, पण टंबलरमधून नको, हाताने करा. पाणी १२ अंशांच्या खाली गेलं की शिंपा दुरुस्त व्हायचा वेग फार मंदावतो. कड मोडलेलं कालव तसंच हिवाळ्यात गेलं तर त्या फटीतून पाणी गळतं, गाळ शिरतो आणि वसंतात तेच रिकामं सापडतं. शिवाय शरद ऋतूत कालव शिंपा वाढवत नाही, गरात ग्लायकोजेन, म्हणजे शक्तीचा पिष्टमय साठा, साठवतं. त्याच साठ्यावर त्याला चार-पाच महिने काढायचे असतात, तो दुरुस्तीत का घालवायला लावायचा?

खाजण

पटलं. शेवटचा टंबलर सप्टेंबरअखेर, त्यानंतर हाताने निवड, असं धरतो.

मिठागर

शेवाळ आणि किडे यावर कोणी लिहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. थंड पाण्यात निम्मी मजुरी यातच जाते.

जाळीवर बसणारे सोबती ऋतूप्रमाणे बदलतात. वसंतात बार्नॅकल, म्हणजे घट्ट चिकटून बसणारे बारीक कवचधारी जीव, मग शिनाणे म्हणजे दोरांना झुपक्याने चिकटणारे काळे शिंपले, आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जेलीसारखे मऊ समुद्रचुषक, जे पिशवीभर पसरून पाणी अडवतात. तरंगत्या पिशव्यांना साधा उपाय वाळवणीचा. पिशवी उलटी करून बोयांवर चढवा, २४ तास उन्हा-वाऱ्यात राहू द्या आणि परत उलटा. हंगामात दर आठवड्याला. बार्नॅकल बारीक असतानाच मरतात, कवच जाड झालं की वाळवणीला दाद देत नाहीत. म्हणून पहिला तांबूस-पांढरा खरखरीतपणा हाताला लागला की लगेच उलटा. १२ मिमीच्या आतल्या बीजाला मात्र २४ तास नको. ढगाळ दिवशी काही तास पुरेत.

वाळवलेला माल लगेच काढणीला घ्यायचा नाही. पाण्याबाहेर तापलेल्या कालवात जिवाणू वाढतात, परत पाण्यात राहून ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो. जागेच्या नियमानुसार ७ ते १४ दिवसांची सक्ती असते. नियम नसला तरी उन्हाळ्यात १४ पाळा.

दुसरा त्रास चिखलकिड्याचा, पॉलिडोरा. हा बारीक किडा शिंपेत बीळ करतो, कालव आतून त्यावर पातळ थर चढवतं आणि मध्ये काळा, चिखलाने भरलेला फोड तयार होतो. खाणाऱ्याला अपाय नाही, पण उघडताना सुरी फोडावर गेली की घाण आतल्या पाण्यात उतरते. अर्ध्या शिंपेत ताटात वाढायचा माल तिथेच बाद. यावर संपृक्त मिठाचं पाणी चालतं:

१०० लिटर पाण्याला ३६ किलो जाड मीठ, आयोडीन नसलेलं. तळाशी थोडं न विरघळलेलं मीठ दिसलंच पाहिजे, तरच पाणी संपृक्त. कालवं पाण्यातून काढून, धुऊन, घट्ट मिटलेली असताना १० ते १५ मिनिटं बुडवा. मग निथळून सावलीत निदान दोन तास हवेवर ठेवा, त्यानंतर समुद्रात. हवेवरचा वेळ गाळू नका, बिळात अडकलेलं मीठ किड्याला मारतं ते तेव्हाच. प्रत्येक टोपलीबरोबर ओलं पाणी येऊन द्रावण पातळ होतं, म्हणून चार-पाच टोपल्यांनंतर मीठ वाढवा. तारामाशाची पिल्लं आणि मऊ समुद्रचुषकही याने मरतात.

टंबल केलेला माल त्याच आठवड्यात मिठात बुडवायचा नाही. मोडक्या कडेतून मीठ आत जातं आणि माल मरतो. लहान बीज बुडवायचं असेल तर आधी वीस-तीस बुडवून, दोन दिवस पाण्यात ठेवून, किती वाचतात ते पाहा.

शार्दूल

मिठागरकाका, रेवतीताई, फारच उपयोगी. ट्रिप्लॉइड बीज घ्यावं का, यावर मतं हवी आहेत.

रेवती

ट्रिप्लॉइड म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच. असं कालव जवळजवळ वांझ असतं. १९८१ च्या सुमारास मेन विद्यापीठात अमेरिकी कालवावर हे पहिल्यांदा साधलं, तेव्हा अंड्यांवर रसायन वापरलं होतं. १९९० च्या दशकात रटगर्स विद्यापीठात स्टँडिश ॲलन आणि शिमिंग ग्वो यांनी चार संचांचे नर तयार केले. आता चार संचांचा नर आणि साधी मादी यांच्या संकरातून रसायनाशिवायच तीन संचांचं बीज मिळतं. म्हणून याला जनुक बदललेलं कालव म्हणणं बरोबर नाही.

फायदा असा: साधं कालव उन्हाळ्यात अंडी-वीर्य सोडतं आणि नंतर काही आठवडे गर पाणचट, पारदर्शक दिसतो. ट्रिप्लॉइड भरलेलंच राहतं आणि ती शक्ती वाढीला लावतं. पण हा फायदा ऊबदार पाण्यात मोठा. जिथे पाणी २० अंशांपर्यंत जेमतेम जातं तिथे कालवं थोडीच सोडतात, कधी सोडतही नाहीत, मग जादा पैसे कशाला? माझं मत: उन्हाळ्यातच विक्री असेल तर निम्मं ट्रिप्लॉइड घ्या. विक्री शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या तोंडावर असेल तर साधं बीज उत्तम.

ट्रिप्लॉइडपेक्षा रोगप्रतिकारक वाण आहे का हे विचारणं जास्त महत्त्वाचं. एमएसएक्स हा परजीवी १९५७ मध्ये डेलावेअर उपसागरात आढळला. ‘थंड पाण्यात येत नाही’ अशा समजुतीवर विसंबू नका. २००२ मध्ये तो केप ब्रेटनच्या ब्रा डोर सरोवरात आणि २०२४ मध्ये प्रिन्स एडवर्ड बेटावर सापडला. माणसाला त्याचा धोका नाही, पण शेती रिकामी होते. पॅसिफिक कालवाला हर्पिस विषाणूचा धोका. २००८ पासून फ्रान्समध्ये पाणी १६ अंशांच्या वर गेलं की बीजाच्या मोठ्या मरी आल्या. बीज घेताना आरोग्य तपासणीचा दाखला मागा, आणि दुसऱ्या खाडीतली जुनी जाळी, पिशव्या फुकट मिळाल्या तरी पूर्ण वाळवल्याशिवाय पाण्यात टाकू नका.

हॅचरीला पाण्याच्या आम्लतेबद्दलही विचारा. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो. २००७-०८ मध्ये ओरेगॉनच्या नेटार्ट्स उपसागरातल्या व्हिस्की क्रीक हॅचरीत पिलावळ मरत होती. खोल समुद्रातून वर आलेल्या आम्लयुक्त पाण्यात अळीला पहिलं कवच बांधता येत नव्हतं. नंतर पाण्यात सोडियम कार्बोनेट मिसळून आणि सतत मोजमाप ठेवून त्यांनी मार्ग काढला. असं मोजमाप ठेवणारी हॅचरी बीज वेळेवर देऊ शकते. थंड पाण्यात तीन आठवडे उशिरा आलेलं बीज म्हणजे हंगामाचा मोठा तुकडा गेला.

खाजण

आता हिवाळा. दोन मार्ग आहेत: तळाला बुडवणं आणि शीतखोलीत हवेवर ठेवणं.

बुडवणं. पाणी ७ अंशांवरून खाली उतरू लागलं की तयारी सुरू, आणि बर्फ धरायच्या आत सगळं खाली. आधी प्रत्येक पिशवी साफ करायची. शेवाळाने भरलेली पिशवी तळाशी गेली की त्या झालरीत गाळ अडकतो आणि सहा महिने कोणी झाडायला नसतं. जागा अशी निवडा की उधाणाच्या सर्वांत खोल ओहोटीतही बर्फाच्या खालच्या पातळीपासून पिंजऱ्यापर्यंत मोकळं पाणी राहील. तळ टणक हवा. हातोडीसारखी जड काठी टाकून पाहा, वीतभर रुतली तर तिथे पिंजरा ठेवू नका. तरंगत्या पिंजऱ्यांचे पोकळ बोये झाकण काढून पाण्याने भरले की ते आपोआप खाली जातात, वसंतात वर काढून रिकामे करायचे. पृष्ठभागावर एकही बोया ठेवू नका. बर्फ त्याला धरून अख्खी रांग ओढून नेतो. त्याऐवजी टोकाच्या नांगरांची जागा उपग्रह-यंत्रात नोंदवा आणि तळाशी एक दोर आडवा सोडा, वसंतात गळ टाकून तो उचलता येतो.

बुडवण्याचं आणखी एक कारण बर्फ वितळताना कळतं. गोडं पाणी वर तरंगतं, वरच्या थराचा खारेपणा दर हजारी ५ च्या खाली जातो. थंडीत कालव काही आठवडे मिटून काढतं, पण पाणी तापू लागलं की श्वास कोंडतो. खालच्या थरात खारेपणा टिकून असतो.

मिठागर

लहान बीजासाठी शीतखोली मला जास्त भरवशाची वाटते. तिची अट एकच: घाई नाही. समुद्राचं पाणी ५ अंशांच्या खाली जाऊन एक-दोन आठवडे होऊ द्या, म्हणजे पोट रिकामं होतं आणि जिवाची गती मंदावते. पोट भरलेलं कालव शीतखोलीत सडतं. खोली २ ते ४ अंश, आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर. माल ट्रेमध्ये, वर समुद्राच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं, ती आठवड्याला पुन्हा ओली करायची. पंख्याचा झोत थेट मालावर नको, कोपऱ्यातला एक ट्रे कोरडा पडून पूर्ण मरतो आणि बाकी सगळं ठीक असतं, तो याच कारणाने. खाली पाणी साचू देऊ नका. तापमापक दोन, एक वर आणि एक तळाशी, कारण तळ शून्याखाली गेला तर पातळ शिंपेचं बीज आधी गोठतं. चार महिने निभावतं, पाच ही शेवटची हद्द.

याचा जोडफायदा: तीन-चार आठवडे ३ अंशांच्या आसपास हवेवर राहिलं की चिखलकिडा मरतो, कालव जगतं.

खाजण

मान्य, पण वीज गेली तर? बुडवलेल्या मालाला विजेची गरज नाही. ज्याच्याकडे जनित्र आणि तापमान चढलं की फोनवर इशारा देणारी सोय नाही, त्याने सगळं बीज एका खोलीत ठेवू नये. निम्मं बुडवा, निम्मं खोलीत.

उधाण

निम्मं-निम्मं याला माझाही दुजोरा. दोन्हींत मर वेगवेगळ्या कारणाने होते, एकाच वर्षी दोन्ही बुडायची शक्यता कमी.

रेवती

काढणी आणि चव यावर. थंड पाण्यातल्या कालवाची चव शरद ऋतूत का चढते, तर पाणी १५ वरून ५ अंशांकडे उतरत असताना प्लवक अजून असतं, शिंपेची वाढ थांबलेली असते आणि खाल्लेलं ग्लायकोजेन म्हणून गरात साठतं. गर सायीसारखा पांढरट, घट्ट आणि गोडसर होतो. खारेपणाचाही भाग आहे. कालवाला स्वतःच्या शरीराचा खारेपणा बाहेरच्या पाण्याशी जुळवावा लागतो, त्यासाठी ते ग्लायसिन, ॲलानिन, ग्लुटामेट अशी अमिनो आम्लं पेशींत साठवतं. म्हणून खारट पाण्यातलं कालव नुसतं खारट नसतं, त्याला भरीव गोडी असते. नदीच्या तोंडाशी वाढलेलं कालव फिकं लागतं. काढणीआधी काही आठवडे खाडीच्या तोंडाशी, जास्त खाऱ्या पाण्यात नेलं तर फरक पडतो.

भरलंय की नाही हे अंदाजाने ठरवू नका. वेगवेगळ्या पिशव्यांतून वीस कालवं घ्या, धुऊन वजन करा, उघडा, गर निथळून वजन करा. गराचं वजन भागिले पूर्ण वजन, गुणिले १००. फ्रान्समध्ये हाच निर्देशांक वापरतात: ६.५ ते १०.५ ला ‘फिन’, त्यावर ‘स्पेस्याल’. ६.५ च्या खाली असेल तर विकू नका, थांबा. आकार पूर्ण झाला म्हणजे कालव तयार झालं असं नाही, आणि लहान शेतकऱ्याचं नाव याच धीरावर टिकतं.

मिठागर

काढणीच्या शीतसाखळीबद्दल थंड पाणीवाले गाफील राहतात. २००४ च्या जुलैत अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंडमधली कालवं खाऊन जहाजावरच्या प्रवाशांना व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस या जिवाणूची बाधा झाली. तिथलं पाणी त्या उन्हाळ्यात १५ अंशांच्या वर गेलं होतं. ‘आमचं पाणी थंड’ हे कारण पुरत नाही, तापमापकाची नोंद लागते.

पाण्यातून काढलं की सावली, आणि शक्यतो दोन तासांच्या आत बर्फ. स्वच्छ समुद्राचं पाणी आणि बर्फ यांच्या मिश्रणात टोपली बुडवली की आतला गर १० अंशांच्या खाली झटपट उतरतो. नुसता वर टाकलेला बर्फ मधल्या थराला पोचत नाही. नंतर १ ते ४ अंश, खोल शिंप खाली, वर ओलं फडकं. बंद प्लास्टिक पिशवी नको, गोड्या पाण्यात तर मुळीच नको.

तरंगत्या पिशव्यांवर पक्षी बसतात आणि त्यांची विष्ठा थेट मालावर पडते. काढणीआधीचे आठवडे पिशव्या बुडवून ठेवा किंवा पक्षी बसू नयेत म्हणून वर आडवे प्लास्टिक पट्टे लावा.

दोन धोक्यांवर शुद्धीकरण टाकीचा भरवसा धरू नका. ४२ तासांच्या टाकीत ई. कोलाय निघतो, पण नोरोव्हायरस कालवाच्या पचनग्रंथीला चिकटून राहतो आणि गार पाण्यात तर आणखी सावकाश सुटतो. सांडपाण्याची गळती झाली असेल तर पाणी बंद, माल बंद, दुसरा उपाय नाही. दुसरा धोका अलेक्झांड्रियम प्लवकाच्या विषाचा. ते शिजवूनही जात नाही. मर्यादा किलोला ०.८ मिलिग्राम. तपासणी खात्याने खाडी बंद केली की ती उघडेपर्यंत एकही कालव काढू नका, शेजाऱ्याला देण्यापुरतंही नाही.

शार्दूल

शेवटचा प्रश्न. वसंतात पिशवी उघडल्यावर मेलेली सापडली तर कशाने मेली हे ओळखता येतं का?

उधाण

बऱ्यापैकी. शंभर कालवं मोजून घ्या, निदान तीन पिशव्यांतून, वरच्या आणि खालच्या रांगेतून वेगवेगळी.

बिजागरी जुळलेली, आतून चकचकीत स्वच्छ: नुकतीच मेली, म्हणजे एप्रिलच्या सुमारास. साठा संपल्याने किंवा गोड्या पाण्याने. शरद ऋतूतला निर्देशांक काय होता तो पाहा.

जुळलेली, पण आत चिखल ठासलेला: गाळाने गुदमरली. बहुतेक खालच्या रांगेतच दिसतील. पिंजऱ्याची जागा बदला.

बिजागरी सुटलेली, आत बार्नॅकल बसलेले: मागच्या उन्हाळ्यातच मेली होती, हिवाळ्याचा दोष नाही. शरद ऋतूत निवड नीट झाली नाही.

शिंपेच्या कडेला तुकडे उडालेले: खेकडा. पिशवीत आतच वाढलेला हिरवा खेकडा सापडेल, तो आसेतून बारीक असताना शिरतो. बाजूला वाटोळं बारीक भोक: शंखगोगलगाय.

शंभरात पाच-दहा मेलेली असतील तर थंड पाण्यात ते धरून चालावं लागतं. वीसच्या वर गेली तर जिवंतांतली काही नमुना म्हणून प्रयोगशाळेकडे पाठवा. मेलेल्यांवरून रोग कळत नाही. आणि पाणी १० अंशांवर जायच्या आत रिकामे शिंपे वेचून काढा. वरून जड वाटणारी पिशवी अर्धी रिकाम्या शिंपांनी भरलेली असते, आणि त्या वजनावरून पहिली विरळणी चुकते.